मोठ्या माणसाला एक गोळी

आमच्या केजमध्ये निवृत्त माणसं दोन प्रकारची. एक बोधगयेला जाऊन येणारी आणि दुसरी मुलाकडे दुबईला जाऊन येणारी. दोन्ही प्रकारची माणसं परत आल्यावर मोबाइलमधले फोटो संपेपर्यंत चहा पुढे करत नाहीत. मी पिंपरी-चिंचवडला निघाले तेव्हा शेजारीण म्हणाली, "तिथं बघायला काय हाय? नुसत्या कंपन्या." तिचं खरं आहे. पण त्या नुसत्या कंपन्यांमध्ये आठ दिवस राहून मी एका मुलीची नोकरी जवळजवळ घालवली, आणि असा प्रवास दुबईला जाऊनही कुणाला साधलेला नाही. म्हणून लिहिते आहे.

मी पस्तीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होते. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. कुणी नुसतं शिंकलं की माझी पर्स उघडते.

काळेवाडी, रविवार-सोमवार

एसटीतल्या तासांचं वर्णन करत नाही. ज्यांना कंबर आहे त्यांना ते ठाऊक आहे. रविवारी संध्याकाळी मी काळेवाडीत सुजाताच्या दारात पोचले. सुजाता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आली. नवरा मिलिंद चाकणच्या एका कंपनीत मशिनवर, आणि ती तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या गोदामात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट आहे, पण ती मनात आलं तर चालते.

आमच्याकडे माणूस भेटला की विचारतात, "जेवलात का?" इथं विचारतात, "कोणती शिफ्ट?" फर्स्ट, सेकंड की थर्ड, एवढं कळलं की माणसाची सगळी कुंडली कळते. तो कधी उठतो, कधी जेवतो, बायकोशी कधी भांडतो, सगळं. थर्ड म्हणजे रात्रपाळी. दाराच्या कडीला कंपनीच्या ओळखपत्राची गळ्यातली पट्टी अडकवलेली दिसली की समजायचं, आत थर्ड करून आलेला माणूस झोपलाय, बेल दाबायची नाही. भाजीवालासुद्धा त्या मजल्यावर आला की "मेथी, मेथी" असं कानात सांगितल्यासारखं म्हणतो.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी दहा वाजता मी गावाकडून आणलेल्या धपाट्यांचा डबा घेऊन शेजारच्या दाराची बेल दाबली. कडीला पट्टी होती, मला वाटलं वाळत घातलीय. बनियनवर, लाल डोळ्यांचा, हातात लाटणं घेतलेला एक माणूस बाहेर आला. धपाटे बघून त्यानं लाटणं खाली केलं आणि म्हणाला, "असू द्या मावशी, पण पुढच्या वेळी तीननंतर."

सुजाताकडे मोठी बातमी होती. तिच्या कंपनीनं पहिल्यांदाच एका बाईला फोर्कलिफ्टच्या ट्रेनिंगला घेतलं होतं. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढं दोन लोखंडी दाते असलेली बुटकी गाडी. माल ठेवलेली लाकडी फळ्यांची चौकट त्या दातांवर उचलायची आणि उंच रॅकवर नेऊन ठेवायची. सहा जणांच्या तुकडीत पाच पुरुष आणि सुजाता. शनिवारी परीक्षा होती. पास झाली तर ऑपरेटर, आणि पुढं कायम व्हायची आशा. नापास झाली तर परत खोकी रचायला. शिवाय पाच पुरुषांतला एखादा नापास झाला असता तर तो एकटाच नापास झाला असता. सुजाता नापास झाली असती तर कंपनीतल्या सगळ्या बायका नापास झाल्या असत्या. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी ती फर्स्ट करून आली तेव्हा तिचे डोळे शेजाऱ्याच्या डोळ्यांइतकेच लाल होते.

"झोप येईना का तुला?" मी विचारलं.

"नाही लागली रात्री."

"का गं?"

"असंच, आत्या."

असंच म्हणजे परीक्षेचं टेन्शन, असं निदान मी तिथल्या तिथं केलं. औषधही घरातच होतं. मिलिंदला थर्डनंतर दिवसा झोप येत नव्हती म्हणून डॉक्टरांनी त्याला थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली होती. गोळ्यांची पट्टी फ्रिजवर होती. एकाला लिहून दिलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये, हे वाक्य मी स्वतः गावोगावच्या सभांमधून बोललेली आहे. पण ते लोकांसाठी असतं. घरच्यांना आपण असतोच.

जेवण झाल्यावर मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. ती म्हणाली, "अर्धीच घेऊ का?"

"अर्धी लेकरांना असते. तू काय लेकरू हायस? मोठ्या माणसाला एक."

हा आमच्या आरोग्य केंद्राचा धर्मग्रंथ होता. मोठ्यांना एक, लहानांना अर्धी. मोठं माणूस म्हणजे बाप्या की बाई, हा प्रश्न पस्तीस वर्षांत मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. सुजातानं गोळी घेतली आणि पहाटे पाचला उठून साडेपाचच्या कंपनीच्या बसला गेली.

निगडी, मंगळवार

मिलिंद थर्ड करून येऊन झोपला आणि मी पीएमपीची बस पकडून निगडी बघायला गेले. काळेवाडीत घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली असतात, तर निगडीच्या प्राधिकरणात, म्हणजे तिथल्या आखीव वसाहतीत, ती एकमेकांकडे ओळख नसल्यासारखी बघतात. रस्त्यांना नावांऐवजी सेक्टरचे आकडे. एका सेक्टरमधून दुसऱ्यात जाताना मी तीनदा त्याच बंगल्यासमोर आले. तिसऱ्या वेळी तिथला कुत्रा भुंकायचासुद्धा थांबला.

मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत आहे म्हणून मालकानं आधीच सावध केलं. आमच्याकडे एवढं तिखट बाळंतिणीला देतात, असं मी त्याला सांगितलं आणि नंतर दोन ग्लास ताक गुपचूप प्यायले.

मग एका बागेत बसले. तिथं बायकांचा बाक वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. पुरुषांच्या बाकावर बीपी, शुगर आणि कुणाच्या किती नळ्या बंद होत्या त्याची चढाओढ. बायकांच्या बाकावर थायरॉईड, गुडघे आणि सुना. माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "ह्यांना झटका आला तेव्हा छाती धरून खाली बसले, सिनेमात बसतात तसे. तासाभरात दवाखान्यात. मला आला तेव्हा नुसता जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती आणि मळमळत होतं. दोन दिवस घरच्यांनी पित्ताची गोळी आणि सरबत दिलं."

"आणि तुम्ही घेतलंत?"

"मलाही पित्तच वाटलं हो. छाती कुठं दुखत होती?"

मी हळहळले, त्यांच्या घरच्यांना मनात चार शिव्या घातल्या आणि उठून बस पकडली. आपणही काल अशाच घरच्यांपैकी एक झालो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी आले तर सुजाता हसत सांगत होती की सकाळी बसमध्ये तिला इतकी गाढ झोप लागली की कंपनीचं गेट मागं पडलं आणि ती बसच्या तळावर जाऊन उठली. मी म्हटलं, "बघ, गोळी लागू पडली!" त्या रात्री तिला दुसरी दिली.

काळेवाडी, बुधवार

ट्रेनिंगला एक मास्तर होते. चाकणजवळच्याच गावचे, मिशीवाले, सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांची स्वतःची एक परीक्षा होती. रिकाम्या चौकटीवर काठोकाठ भरलेली पाण्याची बादली ठेवायची आणि फोर्कलिफ्टनं ती गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. पाणी सांडलं तर परत पहिल्यापासून. आठवड्यापूर्वी सुजातानं एक थेंब न सांडता बादली नेली होती. बुधवारी सकाळी सात वाजता तिनं बादली तर सांडलीच, वर गाडी मागं घेताना खोक्यांच्या थप्पीत घातली. कुणाला लागलं नाही. खोकी रिकामी होती. पण मास्तरांनी सगळ्यांसमोर गाडीची किल्ली काढून घेतली.

ती घरी आली आणि मोरीत जाऊन रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला ब्रेक दिसत होता, आत्या. पाय उशिरा गेला. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं."

मिलिंद चहा पीत म्हणाला, "टेन्शन घेतीस तू. आणि खरं सांगू का, लेडीजना रिव्हर्स जरा..."

सुजातानं त्याच्याकडे असं बघितलं की उरलेलं वाक्य त्यानं चहाबरोबर गिळलं. मी मात्र काय केलं? मी म्हटलं, "अशक्तपणा आहे. बीट खा." बाईला चक्कर आली, अशक्तपणा. दम लागला, अशक्तपणा. पाय उशिरा गेला तरी अशक्तपणाच. आमच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये बायकांच्या पानावर हा एकच शब्द वरपासून खालपर्यंत असायचा. मी तो माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे.

त्या दिवशी गोळी दिली नाही. शहाणपणामुळे नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून. मिलिंदलाही सुट्टी होती, त्यामुळे ती दोघं आतल्या खोलीत आणि मी बाहेर एकटी झोपले. आधीच्या तीन रात्री मिलिंद थर्डला होता आणि सुजाता माझ्या शेजारी झोपायची.

चाकण, गुरुवार

या भागात रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. दुकानं, लग्नाच्या बैठका आणि नवरा-बायकोची भांडणंही त्याच हिशोबानं ठरतात. त्या गुरुवारी सुजाताच्या कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना कंपनी बघायला बोलावलं होतं. मिलिंद म्हणाला, सुट्टीच्या दिवशी आणखी एक कंपनी बघायची ताकद माझ्यात नाही. म्हणून आम्ही दोघीच गेलो.

गेटवर मला हेल्मेट आणि लोखंडी टोकाचे बूट दिले. सगळ्यात लहान जोडसुद्धा पुरुषाच्या मापाचा होता. पुढं कागद कोंबून मी बदकासारखी पिवळ्या पट्ट्यांच्या मधून चालले. गोदाम एवढं मोठं की आमचं आख्खं आरोग्य केंद्र, समोरच्या पिंपळासकट, एका कोपऱ्यात मावलं असतं. जमीन इतकी स्वच्छ होती की मला पदर खोचून घ्यावासा वाटला.

पाहुण्यांना दाखवायला मास्तरांनी फोर्कलिफ्ट काढली. पाच पुरुषांतले चार सुट्टी म्हणून आलेच नव्हते आणि पाचवा लाजत होता. मास्तरांनी नाइलाजानं सुजाताला किल्ली दिली आणि स्वतः गाडीच्या बाजूनं चालत राहिले. तिनं बादली उचलली, या टोकापासून त्या टोकाला नेली, वळवली, मागं घेतली आणि जागेवर ठेवली. पाणी हललंसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला. मास्तर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "काल हिला काय भूत लागलं व्हतं का काय? आज बघा की. मला काय कळंना झालंय."

मला कळलं होतं असंही नाही. मी आपली सवयीनं कंपनीची मेडिकल रूम बघायला गेले. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी निवृत्त नर्स म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि मी लगेच माझी हुशारी दाखवली. पोरीला झोप नव्हती, जावयाची गोळी दिली, दोन दिवस छान झोपली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणती गोळी?"

मी नाव सांगितलं.

"किती वाजता दिलीत?"

"साडेदहा-अकराला."

"आणि उठली पाचला. सिस्टर, ही गोळी बाईच्या रक्तातून पुरुषापेक्षा हळू उतरते. त्याच डोसनं तो सकाळी टवटवीत असतो आणि ती अर्धी झोपेत असते. उठते, चालते, बोलते, पण हात-पाय उशिरा ऐकतात. म्हणून बायकांना ती कमी देतात. तीही तपासून, आणि पुढं पूर्ण रात्र झोपायला असेल तरच."

"पण वजन तर दोघांचं सारखंच आहे. उलट जावई काटकुळा आहे."

"नुसत्या वजनाचा प्रश्न नाही. बायकांच्या शरीरात औषध मुरतं वेगळं, उतरतं वेगळं. पूर्वी औषधं तपासायची ती जास्त करून पुरुषांवर. बायकांचं महिन्याचं चक्र असतं, गरोदरपण असतं, कुठं भानगडीत पडा, म्हणून त्यांना बाजूला ठेवायचे. डोस ठरायचा पुरुषावर आणि द्यायचा दोघांना."

म्हणजे नवऱ्याच्या मापावर बायकोचं पोलकं शिवायचं, आणि तिला काखेत काचलं की म्हणायचं, हिचं अंगच वेडंवाकडं. मी मोठ्यानं हसले आणि मग हसू एकदम थांबलं. बुधवारी त्या थप्पीमागं एखादा माणूस उभा असता तर? सुजाताच्या हातून माणूस गेला असता, आणि तो खरं तर माझ्या हातून गेला असता. मी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं.

बाहेर येऊन मी सुजाताला सगळं सांगितलं. तिचा राग तिच्या नाकपुड्यांत येतो, माझ्या भावासारखा.

"आता हे मास्तरांना सांगू का नको?" मी विचारलं. "सांगितलं तर गोळी खाऊन गाडी चालवली म्हणून काढतील तुला."

"आणि नाही सांगितलं तर बाई म्हणून काढतील," ती म्हणाली. "त्यापेक्षा गोळीपायी काढलेलं बरं. उद्या दुसरी कुणी बाई आली तर तिला तरी चालवू देतील."

मी तिच्या मागून गेले. तिनं मास्तरांसमोर उभं राहून एका दमात सांगितलं. मी मध्येच म्हटलं, "चूक माझी हाय, हिची न्हाई." सुजातानं माझा हात बाजूला केला. "माझी पण आहे. विचारायचं होतं मी."

मास्तरांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "म्या तीस वर्सं मानसं तयार केली. येक बी बाप्या मला सांगाया आला न्हाई, मास्तर, काल काय घिऊन आलोय. वासावरनं वळखायचं आमी." नंतर आवाज चढवून म्हणाले, "पर गोळीचं ह्ये माफ न्हाई. दोन दिस गोळीबिगर झोपायचं, शनवारी सकाळी डाक्टरीणबाई तपासतील, त्या हो म्हनल्या तरच किल्ली. न्हाईतर परीक्षा न्हाई. कबूल?"

"कबूल," सुजाता म्हणाली.

पुन्हा काळेवाडी

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. प्रश्न सोपा होता. गोळी नाही, तर शनिवारपर्यंत सुजाताला झोप लागणार कशी? मिलिंदची थर्ड परत सुरू होत होती. मी दुधात जायफळ सुचवलं. तळपायाला तेल सुचवलं. सुजाता मान खाली घालून भाकरी मोडत होती.

शेवटी मिलिंदनं घास खाली ठेवला. "आत्या, राग मानू नका. तुमच्या पाया पडतो."

"काय झालं?"

"तुम्ही घोरता."

सुजाता ओरडली, "अहो!"

"अगं, सांगू दे की. आत्या, रविवारी तुम्ही आलात आणि त्याच रात्री हिची झोप उडाली. त्याच्या आधी हिला झोपेचा कसला त्रास? बुधवारी ही आत माझ्याजवळ झोपली, दार लावून, म्हणून गुरुवारी बादली सांडली नाही. मी मशिनवर काम करतो, मला आवाजाची सवय आहे. तरीपण..."

मी सुजाताकडे बघितलं. "खरं?"

"मध्येच तुझा श्वास थांबतो, आत्या," ती हळूच म्हणाली. "मग एकदम मोठा आचका देऊन परत सुरू होतो. रविवारी रात्रभर मी जागी राहून बघत बसले, परत सुरू होतोय का. पाहुण्या माणसाला सांगायचं कसं?"

म्हणजे माझ्या घोरण्यावर मी तिला झोपेची गोळी दिली होती. हसावं की तोंड लपवावं, मला समजेना. आम्ही तिघंही हसलो, पण माझ्या डोळ्यांत पाणी होतं. परीक्षेच्या आठवड्यात माझा श्वास मोजत जागी राहिलेल्या पोरीला मी बीट खायला सांगत होते.

त्या दिवशी आणि शुक्रवारी मी शेजाऱ्यांकडे झोपले, त्या लाटणंवाल्या घरात. त्याची थर्डच होती, आणि त्याच्या आईला ऐकू कमी येतं. दोघींची छान सोय झाली.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सुजाताला तपासलं आणि मास्तरांनी किल्ली दिली. दुपारी ती आली ती जिन्यातूनच ओरडत आली. पट्टी लावलेली तीन दारं उघडली आणि तीन लाल डोळ्यांची माणसं बाहेर आली. "पास?" त्यांतल्या एकानं विचारलं. "पास!" ती म्हणाली. मग कुणीच चिडलं नाही. तिनं बादली दोनदा नेली होती, दुसऱ्यांदा मास्तरांनी मुद्दाम मागून शिट्टी वाजवली तरी. मी तिला मिठीत घेतलं आणि पुन्हा एकदा माफी मागितली. ती म्हणाली, "आता तू तपासून घे. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासाठी निरोप दिलाय, फोन कर."

मी फोन केला. त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? दिवसा पेंग येते का? रात्रभर झोपूनही थकवा जात नाही का? तिन्हीला मी हो म्हटलं. किती वर्षं? बरीच. काय घेता त्याच्यावर? लोहाच्या गोळ्या, अशक्तपणाच्या.

"सिस्टर, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. पुरुष घोरला की बायको त्याला दवाखान्यात घेऊन येते. बाईचं घोरणं घरात कुणी बोलत नाही आणि तिला थकवा आला की सगळे अशक्तपणा म्हणतात. झोपेची तपासणी करून घ्या. आणि ती गोळी तुम्ही स्वतः कधीही घेऊ नका."

रविवारी मी केजला परत आले. तपासणीची तारीख घेतली आहे. शेजारणीला फोटो दाखवले, त्यात सुजाता फोर्कलिफ्टवर बसलेली आहे आणि मी मोठ्या बुटांत. तिनं विचारलं, "आणि काय बघितलं?"

मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली. लग्नानंतर काही वर्षांनी ते अंगणात बाजेवर झोपायला लागले. उन्हाळ्यात सगळेच झोपतात. ते पौषातही झोपायचे, कानटोपी घालून. मी गोधडी नेऊन दिली की म्हणायचे, "आत फार उकडतं गं," आणि मी गल्लीभर सांगत सुटायचे की आमच्या माणसाच्या अंगात उष्णता फार.